होडी भरली

"काय गावला?" बाबांनी बटण दाबून विचारलं आणि अंगठा उचलला.

वायरलेस सेट जरा खरखरला. मग त्यातून माझ्या भावाचा, जगनचा आवाज आला. "कायच नाय. होडी रिकामी. देवगडच्या बाजूक आसंव."

"तुझा नशीबच फुटका," बाबा तोंड वाकडं करून म्हणाले. सेट जागेवर ठेवला, माझ्याकडे वळले आणि मिशीतल्या मिशीत हसले. मी उठले आणि बर्फवाल्याला रोजच्यापेक्षा जास्त लाद्या काढून ठेवायला सांगून आले.

ज्याला आमची रीत माहीत नाही त्याला हे वेड्यांचं घर वाटेल. तर सांगते. समुद्रावरून आलेलं बोलणं आमच्या घरात उलटं धरायचं. रिकामी म्हणजे भरली. भरली म्हणजे रिकामी. देवगडची बाजू म्हणजे वेंगुर्ल्याची, आणि वेंगुर्ल्याची म्हणजे देवगडची. आमचं बंदर मुणगवेळ, ह्या दोन्हींच्या मधोमध. उत्तरेला देवगड, दक्षिणेला वेंगुर्ला. जगन त्या सकाळी दक्षिणेला होता आणि त्याच्या होडीत पाय ठेवायला जागा नव्हती. एवढं आम्हा दोघांना कळलं. मच्छीमार सोसायटीच्या खोलीत बसलेल्या बाकीच्यांना कळलं ते असं, की बाबल तांडेलाच्या झिलाला, म्हणजे बाबांच्या मुलाला, आज काही मिळालं नाही.

ह्याला कोणी लबाडी म्हणेल. खुशाल म्हणा. पण ती आम्हाला कोणी शिकवली तेही लिहून ठेवा. वायरलेसवर एक बोलतो आणि सगळा समुद्र ऐकतो. पूर्वी ऐकून शेजारची होडी यायची, तिलाही चार मासे मिळायचे, कुणाचं काही बिघडत नव्हतं. मग बाहेरून मोठ्या बोटी आल्या. त्या लख्ख दिवे लावून पाण्यातलं अख्खं जत्रेगत जमलेलं मासळीचं रान एका फेऱ्यात उचलायच्या. आमच्यातल्याच काहींनी ट्रॉलर घेतले आणि समुद्राचा तळ खरवडायला लागले. एखाद्याने सेटवर खरी जागा सांगितली की दुसऱ्या दिवशी तिथे खवलंसुद्धा राहत नसे. किनाऱ्याजवळ मासा उरला नाही म्हणून आमच्या लहान होड्या लांब जायला लागल्या, आणि लांब जाऊन खोटं बोलायला लागल्या.

जगनला ही भाषा बाबांनी शिकवली. तो शाळेत होता तेव्हापासून. जेवताना सुद्धा खेळ चालायचा. "पोट भरला काय रे?" "नाय, रिकामा." म्हणजे ताट उचला.

त्या दिवशी माझा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. नवऱ्याचं घर सोडून आल्यापासून आमच्या होडीची मासळी धक्क्यावर मीच विकायची, तेव्हा समुद्राचं रूप मला रोज बघावं लागे. दिवाळी होऊन गेली होती. त्या दिवसांत समुद्र ताटात ओतलेल्या तेलासारखा असतो. त्या दिवशीही वरून तसाच दिसत होता. वारा नव्हता. माडाची झावळीसुद्धा हलत नव्हती. पण लाट येत होती. लांबट, जड, फेस नसलेली. धक्क्याच्या दगडांवर ती आपटायची तेव्हा आवाज फार व्हायचा नाही, पायाखाली मात्र जाणवायचं. खोलीतल्या बाकावर ठेवलेला चहाचा ग्लास आपोआप सरकत होता. मी तो दोनदा मागे केला. कावळे सगळे वरच्या आमराईत गेले होते. मी आत बसायची, बाहेर यायची, परत आत जायची. कात्रीन म्हणाली, "वनी, तुझ्या पायाक मुंग्ये लागले काय गे?"

कात्रीन ही मिंगेलची बायको. मिंगेल जगनच्या होडीवर होता, त्याचा एकमेव खलाशी आणि त्याचा जिवलग. दोघं एकाच विडीचे झुरके मारणारे. कात्रीन खोलीच्या उंबऱ्यावर बसून फाटलेलं जाळं शिवत होती आणि मिंगेलला शिव्या देत होती. लग्नाला वर्ष झालं होतं, तेव्हा शिव्या अजून लाडाच्या होत्या.

उन्हं चढल्यावर सोसायटीचा फोन वाजला. वरच्या कुठल्यातरी कार्यालयातून होता. सेक्रेटरीने ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला. दक्षिणेकडून वादळ येतंय, एकही होडी समुद्रात जाऊ देऊ नका, असा हुकूम होता.

"होडये पहाटे गेले," सेक्रेटरी म्हणाला. "गेले त्यांचा काय करू?"

पलीकडचा म्हणाला असावा, परत बोलवा. कारण सेक्रेटरी चिडून बोलला, "कसो बोलवू? शिटी मारून?" आणि फोन बंद झाला. वादळाला म्हणे आदल्या दिवशीच नाव देऊन झालं होतं. बारसं झालं, पण आमच्यापर्यंत पोचायला बातमी होड्या बाहेर पडायची वाट बघत होती. माझ्या लहानपणी आमच्या बाजूला वादळ कधीमधी यायचं, म्हातारी माणसं त्यावरून पोरांची वयं सांगायची. आता समुद्र तापलाय म्हणतात. कोणी तापवला ते कोणी सांगत नाही.

बाबांनी सेट हातात घेतला आणि एकेका होडीला हाका मारायला सुरुवात केली. जवळ होते ते ऐकून वळले. थोड्या वेळाने त्यांच्या होड्या खाडीत शिरताना दिसायला लागल्या. सगळ्यांत शेवटी सदा केळुसकराचा ट्रॉलर आला. सदा आमच्याच वाडीतला, पण त्याच्या ट्रॉलरने दोन हंगामांपूर्वी आमची जाळी फाडून नेली होती. तेव्हापासून बाबा त्याचं नाव घेत नसत. त्याच्याबद्दल बोलायचं झालं तर म्हणत, "तो खरवडणारो."

जगनचं उत्तर मात्र येत नव्हतं. बाबा हाक मारायचे, अंगठा उचलायचे, आम्ही खरखर ऐकायचो. होडी लांब असली की असं व्हायचं. पण मला त्या खरखरीचाही राग यायला लागला.

मग एकदम आवाज आला. तुटका, लांबचा.

"बाबा... भरली... होडी भरली. देवगडच्या बाजूक आसंव... देवगडच्या..."

आणि परत खरखर.

खोलीतल्या चारपाच माणसांनी माना डोलावल्या. एकजण म्हणाला, बरं झालं, मासळी मिळाली, आता घराकडे वळेल. बाबा माझ्या कानाशी वाकले. "रिकामी," ते पुटपुटले. "वेंगुर्ल्याच्या बाजूक आसा. सगळी मासळी टाकून दिल्यान असतली, हलको होऊन येवक. शाणो झिल माझो. वारो लागूच्या आधी घराक."

कात्रीनने उंबऱ्यावरून विचारलं, "काय म्हणतत, काका?"

"येतत, येतत. तांदूळ वैर जा."

ती उठली. मी उठले नाही. काहीतरी टोचत होतं आणि काय ते बोटावर धरता येत नव्हतं. जगन खोटं बोलतो तेव्हा त्याच्या गळ्यात हसू अडकलेलं असतं, पोरगा लिमलेटची गोळी गालात लपवून बोलतो तसं. ह्या आवाजात गोळी नव्हती.

सेट परत खरखरला.

"भरली, बाबा... भरली... आयकतास मा? देवगड..."

तेव्हा मला कळलं. बाबांनी विचारलंच नव्हतं. आमचा सगळा खेळ एका प्रश्नावर चालायचा, काय गावला. प्रश्न आला की उलटं उत्तर. विचारल्याशिवाय जगन कधीच मासळीबद्दल बोलत नसे, कारण न विचारता सांगणारा माणूस इतरांच्या डोळ्यांवर येतो, हे बाबांनीच त्याला शिकवलं होतं. आणि हा न विचारता सांगत होता. परत परत सांगत होता.

बाबांनी सेट तोंडाशी नेला, बटण दाबलं. "बरा. समाजला. सावकाश ये. घाई करू नको."

"बाबा, तो खरा बोलता," मी ओरडले. "उलटा धरू नका. होडी पाण्यान भरली त्याची. जगन खरा बोलता."

बाबा वळले. अंगठा बटणावर तसाच, डोळे माझ्यावर. "गप ऱ्हव," ते दातांतून म्हणाले. चार माणसांत मी घरची भाषा उघडी पाडत होते, त्याचा राग. मी त्यांच्या हातातून सेट ओढायला गेले. त्यांनी मला खांद्याने ढकललं आणि मग कुठे अंगठा उचलला.

सेटमधून काही आलं नाही. नुसती खरखर. नंतर तीही बदलली, जणू पलीकडे कोणी नव्हतंच.

कात्रीन दारात थांबली होती. "पाण्यान भरली म्हणतंस तू?"

"तिका काय कळता," बाबा म्हणाले. "वारो खंय आसा? भायर बघ. वारोच नाय तर होडी कशान भरात?" त्यांनी माडांकडे हात केला. माड चित्रात काढल्यासारखे उभे होते. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस किनाऱ्यावर उभा राहून किनाऱ्याचा वारा बघत होता. मी त्यांना म्हटलं, इथे नाही, पण लाट कुणी पाठवली? बाकावरचा ग्लास कोण सरकवतंय? दक्षिणेकडून वादळ येतंय तर वारा त्याला आधी लागला असणार. होडी सांभाळायला त्याने वारा पाठीवर घेतला असणार, आणि पाठीवरचा वारा त्याला कुठे नेईल? उत्तरेला. देवगडच्या बाजूला. तो सांगतोय तिथेच.

बाबांनी ऐकलं. मी शपथेवर सांगते, त्यांनी ऐकलं. क्षणभर त्यांची नजर ग्लासाकडे गेली. पण त्यांनी सगळ्यांसमोर 'समाजला' म्हटलं होतं, आणि बाबल तांडेल एकदा समजला की समजला.

"माझ्या झिलाक मी वळखतंय," ते म्हणाले. "ती भाषा माझी आसा."

मी धक्क्यावर धावले. सदा केळुसकर ट्रॉलरचा दोर खुंट्याला गुंडाळत होता. अख्ख्या बंदरात त्या समुद्रात जाऊ शकेल असं इंजिन त्याच्या एकट्याकडे होतं. मी त्याला सांगितलं, जगनची होडी पाण्याने भरलीय, जा. तो थांबला. त्याने माझ्या मागे बघितलं. बाबा आणि सगळी खोली धक्क्यावर आली होती.

"जातंय," सदा म्हणाला. "पण खंय? भायर पडल्यार वारो माका परत वळूक देवचो नाय. एक बाजू सांगा."

"वेंगुर्ल्याच्या," बाबा म्हणाले. दोन वर्षांनी त्याच्याशी बोललेला हा पहिला शब्द.

"देवगडच्या," मी म्हणाले.

सदाने दोघांकडे बघितलं. आता झाकून काही उपयोग नव्हता. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. आमच्या घरात रिकामी म्हणजे भरली, भरली म्हणजे रिकामी, देवगड म्हणजे वेंगुर्ला. बाबा त्याच हिशोबाने बोलतायत, पण जगन आज सरळ बोलतोय. बाबांनी डोळे मिटून घेतले. माझ्या तोंडून घरातला एकेक दागिना धक्क्यावर पडत होता जणू.

सदा हसला. हसू आनंदाचं नव्हतं. "वनी, ता धा वर्सा म्हायत आसा आमका. आमच्या घरात पण तसाच. सगळ्या वाडीत तसाच. तुमची होडी देवगडाक रिकामी म्हटल्यार मी त्याच दिवशी वेंगुर्ल्याक जातंय."

कोणीतरी नाकातून फुसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. इतकी वर्षं आम्ही सगळे एकमेकांना एकाच किल्लीने फसवत होतो. बाबांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

सदाने दोर सोडायला घेतला. "एकच सांग, बाबलकाका. काय गावला, म्हणून तू इचारलंस काय त्याका?"

बाबांनी तोंड समुद्राकडे फिरवलं.

"इचारूक नाय," मी म्हणाले.

सदाने मान हलवली आणि ट्रॉलर उत्तरेला काढला. त्याच्या मागे खाडीच्या तोंडावरचं पाणी काळं पडत गेलं. तो दिसेनासा झाला तेव्हा माडाची पहिली झावळी हलली.

त्यानंतरचं वादळ मी फार सांगणार नाही. ज्यांनी बघितलं त्यांना माहीत आहे आणि ज्यांनी बघितलं नाही त्यांना पेपरातले फोटो पुरतील. सोसायटीचे पत्रे उडाले. एक पत्रा शाळेच्या भिंतीत जाऊन बसला. माड मोडले नाहीत, मुळापासून उपटून आडवे झाले, आणि विजेचे खांब त्यांच्याबरोबर. आम्ही सगळे बर्फाच्या कारखान्यात कोंडून बसलो होतो, कारण त्याचीच भिंत जाड. कात्रीन माझ्या शेजारी होती. ती जपमाळ ओढत होती आणि मधेच थांबून मला विचारत होती, "देवगडाकच गेलो मा सदा?" मी म्हणायची, देवगडाकच. बाबा दाराशी उभे होते. बसले नाहीत. कोणी पाणी दिलं तर घेतलं नाही. त्यांचा उजवा अंगठा तर्जनीवर दाबत होता, सोडत होता, दाबत होता.

मी उठून त्यांच्याजवळ गेले, परत आले, परत गेले. राग होता, आणि तो कुठे ठेवू कळत नव्हतं.

दिवेलागणीच्या आधी वारा फिरला आणि जरा उतरला. कोणीतरी ओरडलं. सगळे धक्क्याकडे धावलो. सदाचा ट्रॉलर खाडीत शिरत होता, एका बाजूला कलून, वरची केबिन गेलेली. जगन पुढच्या बाजूला बसला होता, अंगावर सदाचा रेनकोट. हात पोटाशी धरलेले. त्याच्या बोटांची कातडी सोलली गेली होती.

तो एकटा होता.

बाबा गुडघाभर पाण्यात उतरले आणि त्यांनी त्याला मिठीत घेतलं. आणि तिथेच, पाण्यात उभे राहून, सगळ्या वाडीच्या देखत ते बोलले. "पयल्याच हाकेक समाजलंय मी. मीच धाडलंय सदाक."

सदाने माझ्याकडे बघितलं. मग तो समुद्राकडे तोंड करून थुंकला. मी तोंड उघडलं. पण जगन बाबांकडे बघत होता, बराच वेळ बघत होता, आणि मग म्हणाला, "होय बाबा. म्हायत आसा."

तेवढ्यात कात्रीन पुढे आली. "माझो घोव खंय?" तिने विचारलं, आणि जगनने सोललेल्या हातांनी तोंड झाकलं.

मिंगेल तीन दिवसांनी देवगडच्या खालच्या वाळूवर मिळाला.

मी गप्प बसले असं समजू नका. दुसऱ्याच दिवशी मी सांगायला सुरुवात केली. सेक्रेटरीला सांगितलं, शेजारच्या बायकांना सांगितलं. पण तोवर गोष्ट तयार झाली होती आणि माझ्यापेक्षा जोरात पळत होती. पेपरवाला आला, त्याने छापलं की बापाने आवाजावरून लेकराचं संकट ओळखलं. धक्क्यावर उभे असलेले, सगळं कानांनी ऐकलेले लोकही तसंच सांगायला लागले. मला म्हणाले, बापसाचो मान कित्याक घालवतंस? सदालाही मी विचारलं. तो म्हणाला, म्हातारो रोज मरता तो, आणि किती मारतंस. खरवडणाऱ्याला दया आली आणि मला आली नाही, अशी मी वाईट ठरले. कात्रीनला मात्र सांगायचं धाडस मला झालं नाही. तिने मिंगेलच्या फोटोशेजारी पेपरातलं ते कात्रण लावलं होतं. तिच्या नवऱ्यासाठी जो धावला त्या म्हाताऱ्याचं कात्रण.

बाबा परत कधी वायरलेसला शिवले नाहीत. जगनची नवी होडी बाहेर गेली की ते धक्क्यावर येऊन उभे राहत, ती डोळ्यांना दिसेपर्यंत. लोक म्हणत, काय बापूस आहे.

मागच्या पावसाळ्यात ते गेले. सोसायटीने शोकसभा ठेवली. नवे पत्रे, नवी खोली, नवा स्पीकर. सेक्रेटरीच्या जागी आता त्याचा मुलगा. त्याने बोलायला सुरुवात केली ती तिथूनच. बाबल तांडेलांचा कान असा होता की मैलोगणती लांबची हाक त्यांना पहिल्याच वेळी कळली. मी उठले आणि बाहेर गेले. जगन माझ्या मागे आला.

"तू 'होय बाबा' कित्याक म्हटलंस?" मी त्याला विचारलं. इतकी वर्षं विचारलं नव्हतं. मला वाटायचं त्याला माहीतच नसेल. त्याला वाटत असेल खरंच बापाने पहिल्या हाकेला ओळखलं. "त्येंका कळूक नव्हता, जगन. ते सदाक वेंगुर्ल्याक धाडूक निघाले होते."

"म्हायत आसा माका," तो म्हणाला.

"कसा?"

"सेट चालू होतो मा. होडी उलटी होयपर्यंत चालू होतो. बाबांनी सांगलेला आयकू इला. समाजला, सावकाश ये, घाई करू नको." तो समुद्राकडे बघत होता. "मिंगेलान पण आयकल्यान. होडी उलटल्यार आमी दोघा तिका धरून होतो. तो हसलो, बाय. माका म्हणालो, तुझो बापूस म्हणता, सावकाश ये. जरा वेळान तो परत ताच म्हणालो आणि परत हसलो. मगे त्याने हात सोडल्यान."

मी धक्क्याच्या दगडावर बसले. "आणि तू?"

"बाबांच्या मागसून तुझो आवाज इलो. ते बटण दाबून होते ना. 'जगन खरा बोलता.' मी मिंगेलाक सांगलंय, अरे, माझ्या भयणीक कळला, बाय सोडूची नाय. पण त्याका ता आयकू इला नाय. त्याच्या कानात पाणी होता की काय, देव जाणे. तो बापसाचाच धरून बसलो." त्याने आपली बोटं बघितली. अजून त्यांच्यावर सफेद वण होते. "मी तुझा धरलंय."

आत स्पीकरवर कोणीतरी दुसरा बोलत होता. तेच बोलत होता.

"इतकी वर्सा सांगूक नाय तू," मी म्हटलं.

"बापसाक काय सांगू? तो रोज हंय उभो ऱ्हवायचो."

"आणि कात्रीनीक?"

त्याने मान आत वळवली. खोलीच्या उघड्या दारातून कात्रीन दिसत होती, शेवटच्या बाकावर, पांढरी साडी, हात मांडीवर, बाबांच्या फोटोकडे बघत. तिने आणलेला हार सगळ्यांत मोठा होता.

मी जगनचं मनगट धरलं. त्याने ओढून घेतलं नाही. आम्ही आत गेलो तेव्हा सेक्रेटरीच्या पोराला वाटलं मुलगा बापाबद्दल दोन शब्द बोलायला आलाय, त्याने अदबीने माइक पुढे केला. लोक सरसावून बसले. जगनने माइक हातात घेतला आणि कात्रीनकडे बघितलं.

"होडी भरली होती," तो म्हणाला.

दोनचार जुन्या माणसांनी माना हलवल्या, त्यांना वाटलं मासळीने. ह्या खेपेला कोणी उलटं समजू नये म्हणून मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.